जिन्यात सोडलेली चाल

हे लिहायला मी बसले आहे खरी, पण माझा तसा अधिकार नाही. संगीतातलं मला काही कळत नाही. फ्रेंचचं एक अक्षर येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे परीक्षेच्या पेपराबाहेर चार पानं सलग लिहायची वेळ आली की आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी खुर्चीत बसलो आहोत असं वाटत राहतं. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांच्याबद्दल त्यांच्या देशातल्या जाणकारांनी लिहायला हवं. लिहिलंही असेल. पण कसबा पेठेत ते कसे राहतात हे तिकडच्या जाणकारांना कुठून कळणार? म्हणून धीर केला. कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ते स्वतः मात्र सांभाळून घेणार नाहीत. चूक सापडली की त्यांना आनंद होतो. तो कसला, ते पुढे येईलच.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचीच तशी इच्छा आहे. "नाव कळलं की लोक गाणं सोडतात आणि माणसाकडे बघत बसतात," असं ते म्हणतात. गल्लीत त्यांना पेटीवाले आजोबा म्हणतात. मीही आजोबाच म्हणते.

बारावीनंतर मी भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पुण्याला आले आणि भूगोलाला प्रवेश घेतला. कसब्यात एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काकूंकडे मला जागा मिळाली. काकू एकट्या राहतात, भजनी मंडळात गातात, आणि सरळ बोलणं त्यांना जमत नाही. वरचा मजलाही त्यांचाच. तिथे आजोबा भाड्याने राहतात.

पहिल्याच सकाळी कॉलेजला निघाले तर जिन्यात एक उंच, गोरे, वाकलेले म्हातारे गृहस्थ गल्लीतल्या कुत्र्याशी बोलत होते. "अहो, आपण जरा बाजूला होता का?" कुत्रं हललं नाही. "बरं, राहू द्या. क्षमा करा," म्हणून ते त्याला ओलांडून वर आले आणि माझ्यासमोर थांबले.

"आपण नवीन?"

"हो."

"आपल्याला संगीत येतं?"

"नाही."

"थोडंही नाही? पेटी? भजन?"

"शाळेत प्रार्थना म्हणायचो. सगळ्यांबरोबर."

"सगळ्यांबरोबर! फार छान," ते म्हणाले आणि इतके खूश होऊन वर गेले, की मला वाटलं हे चेष्टा करतायत. पुण्यात आल्यापासून कोण खरं बोलतंय आणि कोण टोमणा मारतंय हे मला कळत नसे. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चेष्टा नाही गं. त्याला अडाणीच लागतात. आम्ही शिकलेले, आमचा काही उपयोग नाही त्याला."

आणि कुत्र्याला अहो का म्हणतात?

"मराठी शिकायला मास्तर ठेवला होता. मास्तर सदाशिव पेठेतला. त्याने आधी आदरार्थी शिकवलं, आणि अरे-तुरेवर येईपर्यंत मास्तरच गेला."

काकू मागे नेहमी 'तो' म्हणत आणि समोर 'तुम्ही'. आजोबा मात्र त्यांना 'अहो काकू' अशी हाक मारत, आणि त्याचा काकूंना भारी राग. "माझ्याहून चांगला पंधरा वर्षांनी मोठा माणूस, आणि मी ह्याची काकू!"

तर हे आजोबा त्यांच्या देशात गाणी करायचे. मोठी शास्त्रीय वगैरे नाहीत. रेडिओवर लागणारी, लग्नात वाजणारी, बेकरीत पाव घेताना कानावर पडणारी गाणी. शिवाय सिनेमाचं संगीत. नायिका रेल्वेत बसते, खिडकीतून बाहेर बघते, तेव्हा मागे जे वाजतं ते. "संवाद संपतात तिथे माझं काम सुरू होतं," असं ते सांगत. काम करताना गळ्यात टाय असे. खाली लेंगा, वर शर्ट आणि गर्द निळा टाय. पहिल्या सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला टाय लावून गेले होते, तेव्हापासून टायशिवाय सूर लागत नाही म्हणे. पियानो आमच्या जिन्यातून वर जाणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी पेटी घेतली, आणि खाली बसता येत नाही म्हणून ती स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली, गॅसच्या शेजारी. उजव्या हाताने सूर, डाव्याने भाता, आणि मधेच भाता सोडून कॉफी ढवळायची. कानावर पेन्सिल. ती झोपतानाही तिथेच असते की काय, अशी मला शंका होती.

गॅलरीत ते दुधाचं काहीतरी फडक्यात बांधून टांगत. त्याचं पाणी खाली काकूंच्या तुळशीत गळे आणि वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येई. "चक्का तरी करा, श्रीखंड होईल," काकू खालून ओरडत. "हे काय सडवून खाता?"

"अहो काकू, आपलं लोणचंसुद्धा जुनंच असतं!"

"लोणच्याला वास नसतो!"

यावर वरून जोराचं हसू येई. मग संध्याकाळी त्या चीजचा एक तुकडा बशीत घालून खाली येई आणि काकू तो मला देत. मी तो खात असे. सुरुवातीला संकोचाने, नंतर आवडीने.

पण खरं सांगायचं ते त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीबद्दल. असं कुणी काम करत असेल यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता.

नवी चाल तयार झाली की ते ती कुणालाही ऐकवत नसत. ते ती 'सोडत'. हा त्यांचाच शब्द. सकाळी जिना उतरताना शीळ घालत, सहज, दुसरीकडे बघत. मंडईत भाजी निवडताना गुणगुणत. तांबट आळीतून हळूहळू चालत जात, भांड्यांवरच्या ठोक्यांत आपला सूर मिसळत. कधी कात्रजच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जात आणि त्याच बसने परत येत.

"कात्रजला कशाला गेला होतात?" एकदा काकूंनी विचारलं.

"चाल सोडायला."

"तिथे सापांचं उद्यान आहे. साप सोडतात तिथे."

"तेही परत येतात का?" आजोबांनी गंभीरपणे विचारलं.

असं काही दिवस केलं की शीळ बंद. मग वाट बघणं. कुणीतरी, कुणीही, न ठरवता, आपल्याच नादात ती चाल गुणगुणली तर चाल 'परत आली'. मगच ती कागदावर उतरायची. आली नाही तर फेकून द्यायची. त्यांच्या तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या एका दिग्दर्शक मित्राने मिळून ही रीत काढली होती. दोघंही कफल्लक. एका कॅफेच्या वर खोली घेऊन राहत. आजोबा सकाळी जिन्यात शीळ घालत आणि मित्र दिवसभर खाली कॅफेत बसून ऐके, की कपबशा विसळणारा पोरगा काय गुणगुणतोय.

"पण लोक नीट थोडीच गुणगुणतात?" मी विचारलं होतं. "चुकतात."

त्यांनी पेटीवरचा हात उचलला. "तेच तर हवं! ते जिथे चुकतात ना, तिथे माझं चुकलेलं असतं. मी तिथे काहीतरी हुशारी केलेली असते. लोकांचं तोंड हुशारी घेत नाही, ओलांडून जातं. जसं आपण त्या कुत्र्याला ओलांडतो. मग मी घरी येऊन हुशारी पुसतो."

हे ऐकून मला वाटलं होतं की कॉलेजातल्या कुणालातरी सांगावं. पण सांगायला गेले की नीट सांगता येईना, आणि माझी मैत्रीण म्हणाली, "म्हणजे क्राउडसोर्सिंग." तसंही असेल. पण त्या शब्दात कुत्रा येत नव्हता.

पुण्यालाच का आलात, याचं उत्तर ते प्रत्येकाला वेगळं देत. काकूंना सांगितलं होतं की इथले दाताचे डॉक्टर चांगले. खालच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं, बायकोने हाकललं. मला खरं कारण कळलं ते माझ्या उत्सुकतेमुळे. मी मोबाइलवर त्यांचं नाव शोधलं. फार काही सापडलं नाही, पण एक गाणं सापडलं, खूप जुनं, एका बाईंच्या आवाजातलं. लाखो लोकांनी ऐकलेलं. खाली शेकडो लोकांनी लिहिलेलं, सगळं त्या बाईंबद्दल. रविवारी दुपारी मी ते खोलीत मोठ्याने लावलं. दुसरं कडवं येईपर्यंत वरून जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि आजोबा दारात. टाय सुटलेला, चेहरा पांढराफटक.

"बंद करा. कृपया. इथे नको."

मी घाबरून बंद केलं. ते दारातल्या स्टुलावर बसले. काकूंनी पाणी आणून दिलं. मग त्यांनी सांगितलं. ते गाणं त्यांनी तरुणपणी केलेलं. ते इतकं चाललं की पुढे त्यांनी कुठलीही नवी चाल सोडली तरी लोकांच्या तोंडून परत यायचं ते तेच. जिन्यात काहीही शीळ घाला, कॅफेतला पोरगा तेच जुनं गाणार. "त्याने माझी बाकीची सगळी गाणी खाल्ली," ते म्हणाले. मग एकदा एका सिनेमाच्या कामासाठी ते इकडे आले असताना त्यांनी हॉटेलच्या आवारात सहज एक शीळ घातली आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा चहावाला ती गुणगुणत होता. थोडी चुकीची. जुनं गाणं त्याला माहीतच नव्हतं. आजोबांनी तिकडचं घर विकलं.

"इथे ते गाणं कुणाला येत नाही," ते म्हणाले. "ते इथे आलं तर मला पुन्हा गाव शोधावं लागेल. आणि आता माझे गुडघे दुखतात."

काकू म्हणाल्या, "डिलीट कर गं ते. भाडेकरू जाईल माझा."

मी त्या घरात आले तेव्हा त्यांची एकही चाल बऱ्याच वर्षांत परत आली नव्हती. हे मला हळूहळू कळलं. ते गॅलरीत उभे राहून खालून जाणाऱ्यांचे कान बघत. "बघा, सगळे बंद," म्हणत. कॉलेजची मुलं, ऑफिसला जाणाऱ्या मुली, डिलिव्हरीवाले, सगळ्यांच्या कानात काहीतरी. मीसुद्धा बसमध्ये इअरफोन लावायचे. त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही, पण जिन्यात ते दिसले की मी काढून खिशात टाकायचे. मग टाकायचेच बंद केले कानात, निदान कसब्यात.

पेच असा होता की तो जुना मित्र, कॅफेतला, आता शेवटचा सिनेमा करत होता. शेवटचा म्हणजे त्याच्या घशाला कॅन्सर झाला होता आणि त्यालाही ते माहीत होतं. सिनेमा माणसांना नावेतून नदीपलीकडे नेणाऱ्या एका बाईवर होता. त्याला आजोबांची एक चाल हवी होती. एकच. त्याने ती मागून वर्ष होत आलं होतं. आजोबांनी चाली केल्या होत्या, सोडल्याही होत्या. एकही आली नव्हती, म्हणून एकही पाठवली नव्हती. दर रविवारी व्हिडिओ कॉल येई. आवाज आधी घोगरा होता, मग कुजबुजल्यासारखा झाला. खाली आम्हाला आजोबांचं एकच वाक्य ऐकू येई. एकदा त्याचा अर्थ विचारला. ते म्हणाले, "अजून नाही. मी म्हणतो, अजून नाही."

"अहो, द्या ना एखादी पाठवून," काकू त्यांना म्हणाल्या. "मरणाऱ्या माणसाला कसली परीक्षा?"

"त्याला खोटी चाल पाठवू? त्यालाच?"

काकू काही बोलल्या नाहीत. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. काकू गप्प बसत नाहीत.

त्या दिवसांत आजोबा एक नवी चाल सोडत होते. तिच्या तिसऱ्या ओळीत जिना धावत उतरल्यासारखे भराभर सूर होते. ती जागा त्यांची लाडकी होती. तिथे आले की शीळ घालताना त्यांच्या भुवया वर जात. मग नेहमीप्रमाणे शीळ थांबली. आणि आठवड्याभरात एका सकाळी काकू पाण्याचा पिंप भरताना ती चाल गुणगुणू लागल्या. दार उघडं ठेवून. मी चहा घेत होते, माझा कप हातातच राहिला. पहिली ओळ, दुसरी, तिसरीतले ते धावते सूर, चौथी. काकूंचा गळा चांगला आहे. मला इतका आनंद झाला की मी वर पळायला निघाले, पण आजोबा आधीच दारात होते. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी.

"अहो काकू. पुन्हा म्हणाल का?"

काकूंनी दचकल्यासारखं केलं. "काय? मी काही म्हणत होते का?" आणि पुन्हा म्हटली. तंतोतंत.

आजोबा खूप हळू म्हणाले, "आपण एकही चूक केली नाहीत."

काकूंनी नळ बंद केला.

"कधी शिकलात?"

"जिन्यात दाराआड उभी राहायचे," काकू म्हणाल्या. त्या तोडून बोलत नव्हत्या, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. "भजनी मंडळात एका ऐकण्यात उचलते मी. ही उचलायला पाच दिवस गेले. मधली ती धावाधाव फार अवघड आहे हो."

"पाठ केलीत."

"मग काय करणार? तो तिकडे..." काकूंनी वाक्य सोडून दिलं आणि पिंपावर झाकण ठेवलं. "सगळ्यांना अहो म्हणता आणि एका माणसाचं ऐकत नाही."

आजोबा वाकले आणि दोन्ही हात जोडून त्यांनी काकूंना नमस्कार केला. रागाने की कशाने, मला कळलं नाही. मग वर गेले. त्यानंतर बरेच दिवस चीजची बशी खाली आली नाही आणि काकू भजनाला गेल्या नाहीत. मला दोघांच्या मध्ये वावरायचं अवघड झालं. ती चाल आजोबांनी फेकल्यातच जमा होती.

मग दिवाळीची सुट्टी लागली आणि मी घरी गेले.

इथे मला माझ्या आईबद्दल थोडं सांगावं लागेल. माझी आई बिड्या वळते. आमच्याकडे पुष्कळ घरांतून वळतात. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात तेंदूची पानं, शेजारी तंबाखू, बोटाला गुंडाळलेला दोरा. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं, टाकायचं. ती बघतही नाही, हात आपोआप चालतात. पुण्यात मला कुणी विचारलं की आई काय करते, तर मी 'घरीच असते' म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी अंगणात भूगोलाचं वाचत बसले होते आणि आई ओसरीवर सूप घेऊन. थोड्या वेळाने मला जाणवलं की मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचतेय, कारण मागून काहीतरी ओळखीचं ऐकू येतंय. आई गुणगुणत होती. पहिली ओळ. दुसरी. तिसरीला ते धावते सूर आलेच नाहीत. तिथे ती थांबली, एक क्षण सगळं गप्प, आणि मग सरळ चौथी ओळ.

मी पुस्तक मिटलं.

"आई, हे कोणतं गाणं?"

"कोणतं?"

"आता म्हणत होतीस ते."

"मी कुठी म्हणत होती?" तिने वर पाहिलं. "हां, ते. मले का माईत बाप्पा. तूच त आल्यापासून म्हणून राह्यली. भांडे घासतानी, वेणी घालतानी. माह्या डोक्यात बसलं ते." मग थोडी घाबरून म्हणाली, "काहून? वाईट गाणं हाय का?"

मी गुणगुणत होते, हे मला माहीतच नव्हतं.

पुण्याला परत येईपर्यंत गाडीत मी तोंड मिटून बसले. मला भीती होती की मी नकळत ते दुरुस्त करून टाकेन. खरं तर मोबाइलवर आईचं रेकॉर्डिंग करता आलं असतं. पण सांगून केलं असतं तर तिने नीट म्हणायचा प्रयत्न केला असता, आणि न सांगता करायला मन होईना. बॅग खोलीत न ठेवता मी वर गेले. मागोमाग काकूही आल्या. पाणी उकळायला लागलं का बघायला, असं म्हणाल्या. आजोबांच्या घरात पाणी उकळायला ठेवलेलंच नव्हतं.

मी म्हटलं, "आजोबा, ती आली. भंडाऱ्याहून." आणि आईने म्हटली तशी म्हणून दाखवली. माझा आवाज चांगला नाही. तिसऱ्या ओळीला मी थांबले, आई थांबते तेवढी, आणि पुढे गेले.

त्यांनी हात वर केला. "इथे. इथे काय झालं?"

"आई थांबते."

"का थांबते? श्वास घेते?"

"नाही."

"मग? त्या वेळी काय करत होत्या त्या?"

मी काकूंकडे पाहिलं. दीड वर्ष मी त्यांच्या घरात राहत होते. मग खाली ओट्याकडे बघत म्हणाले, "बिड्या वळत होती. माझी आई बिड्या वळते. तिथे तिचा दोरा बांधायचा असतो. दोरा बांधताना हात थांबतो, म्हणून..." आणि पुढे शब्द सुचेनात, तर मी हातानेच करून दाखवलं. पान, तंबाखू, वळणं. आणि दोरा. मलाही येतं ते. लहानपणी मीही वळल्या आहेत.

आजोबांनी पेटीचा भाता धरला. "पुन्हा करा. हात." मी हाताने बिडी वळत राहिले आणि ते वाजवत राहिले. दोऱ्यापाशी भाता थांबला. त्या छोट्याशा शांततेत खालून तांबटांचे ठोके ऐकू आले. मग चौथी ओळ आली. ती आधीचीच होती, तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटली. नदीच्या पलीकडे नाव टेकावी तशी. हे माझं मत आहे, मला संगीतातलं कळत नाही हे आधीच सांगितलं आहे.

आजोबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कागदावरचे ते धावते सूर, भुवया उंचावणारे, एकेक करून खोडले. खोडताना जरा थांबत होते. लाडके होते ते.

"काकू," ते म्हणाले, "आपण म्हणालात ना, ही जागा अवघड आहे? मी ऐकायला हवं होतं."

काकूंनी नाक वर केलं. "आमचं कोण ऐकतं? आम्हाला चुका करता येत नाहीत ना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं. घरीच असते म्हणे! दिवसभर बसून वळायच्या, पाठीचा काय खुळखुळा होत असेल त्या बाईच्या. पुढच्या वेळी जाशील तेव्हा माझं तेल घेऊन जा." एवढंच. तेल मी नेलं.

त्याच दिवशी आजोबांनी टाय नीट बांधून चाल कागदावर लिहून आणि पेटीवर वाजवून पाठवली. पुढच्या रविवारी कॉल आला तेव्हा मित्राच्या घशाचं ऑपरेशन झालेलं होतं, आवाज गेला होता. त्याने पाटीवर काहीतरी लिहून दाखवलं. आजोबांनी आम्हाला अर्थ सांगितला, "तो विचारतो, कोण थांबलं तिथे?" चाल बघूनच त्याला कळलं होतं की तो थांबा आजोबांच्या डोक्यातला नव्हे. आजोबांनी त्याला दोऱ्याची गोष्ट सांगितली. स्क्रीनवर ते दोन म्हातारे हाताने हवेत बिड्या वळत होते. चुकीच्या.

त्यानंतर कॉल येईनासे झाले. हिवाळा गेला, माझी परीक्षा झाली. मला मुलींच्या हॉस्टेलात जागा मिळाली, तरी मी दर रविवारी कसब्यात जायचे. आजोबा ओट्याशी मोबाइल उभा करून त्याच्यासमोर बसलेले असत. काकू थालीपीठ घेऊन वर जात आणि त्यांच्यासमोर बसत. चित्रीकरण सुरू झालं का, तो उठून बसतो का, काही कळत नव्हतं. आईचा फोन आला की तीही विचारायची, "त्या बुढ्याच्या दोस्ताचं का झालं?" मी सांगायचे, "अजून नाही."

गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी, मी तिथे असतानाच मोबाइल वाजला. स्क्रीनवर हॉस्पिटलची खोली. उशीवर अगदी लहान झालेला एक चेहरा. मागे त्याची मुलगी फोन धरून. त्याने पाटी उचलली. आजोबांनी वाचलं, आणि आमच्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "सिनेमा होणार नाही."

काकूंनी ताट खाली ठेवलं. आजोबा काहीतरी बोलू लागले, पण मित्राने ओठांवर बोट ठेवलं आणि मुलीला दाराकडे खूण केली. चित्र हललं. छत, भिंत, मग अर्धवट उघडं दार आणि बाहेरचा लांब कॉरिडॉर. तिथे एक बाई फरशी पुसत होती. काळीसावळी, डोक्याला रुमाल बांधलेली, त्या देशातली नसावी. तिला कुणी बघतंय हे तिला माहीत नव्हतं. तो माणूस महिनोन्‌महिने त्या खोलीत ती चाल लावून पडून राहत असणार, आणि ती रोज दाराबाहेर फरशी पुसत असणार.

ती गुणगुणत होती. पहिली ओळ. दुसरी. मग तिने वाकून बादली पुढे सरकवली, आणि सूर थांबला, तिथेच, जिथे माझ्या आईचा हात दोरा बांधायला थांबतो. मग चौथी ओळ. ती मात्र शेवटी खाली उतरण्याऐवजी वर गेली आणि तिथेच राहिली.

चित्र परत खोलीत आलं. उशीवरचा चेहरा आवाज न करता हसत होता. त्याने दुसरी पाटी आधीच लिहून ठेवली होती. तिचा अर्थ आजोबांनी सांगितला नाही. पण त्यांचा हात कानाकडे गेला, पेन्सिल निघाली, ओट्यावरचा कागद त्यांनी पुढे ओढला आणि शेवटचा सूर खोडून वर लिहिला.

"अहो काकू," ते म्हणाले, "शेवटही चुकला होता माझा."

"मग आता तरी नीट लिहा," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत थालीपीठ त्यांच्याकडे सरकवलं. "आणि खा. गार झालंय."